अहिराची वाट

ज्येष्ठाचे चार-सहा दिवस उलटून गेले होते, पाऊस अद्याप कारवारच्या पलीकडेच अडकला होता, आणि क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारी धार इतकी बारीक झाली होती की तिच्याखाली धरलेली ओंजळ भरेपर्यंत मागच्या यात्रेकरूंना तिष्ठत उभे राहावे लागत होते. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी या एकाच गोमुखातून बाहेर पडते अशी भाविकांची श्रद्धा आहे. आणि भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तरी या नद्या एकाच पठाराच्या कडांवरून उतरू लागतात, एवढे त्या श्रद्धेला आधारही आहे. परंतु जन्मतः इतक्या जवळ असलेल्या या भगिनींच्या वाट्याला जी आयुष्ये आली त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून जी कोसळते ती शंभरएक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. आणि कृष्णा, तोच समुद्र पाठीशी टाकून पूर्वेकडे वळते, वाटेत वेण्णेला, कोयनेला, पुढे भीमेला आणि तुंगभद्रेला पोटात घेते, आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून गेल्यावर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात शिरते.

मी या प्रवासाला निघालो तो देवदर्शनासाठी नव्हे, तर एका माशासाठी. दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम मुंबई सरकारने ज्यांच्याकडे सोपवले होते ते कर्नल विल्यम साइक्स हे हाडाचे निसर्गनिरीक्षक होते, आणि दख्खनच्या नद्यांतील माशांवरचा त्यांचा निबंध १८३९च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे आला. त्या निबंधात त्यांनी आपल्याकडील भोयांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलून माशांना शास्त्रीय नावे म्हणून दिली, त्यामुळे खुद्री, कोलस, सिंगटी हे शब्द लॅटिन पेहराव करून आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या दप्तरांत नांदत आहेत, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. पण माझी झोप उडवली ती त्याच निबंधातल्या दुसऱ्या एका नोंदीने. पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या एका सर्पाकृती माशाचे साइक्सने तेथे वर्णन केले होते आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव त्याला दिले होते. पुढे शास्त्रज्ञांनी तो बंगालच्या अहिराचाच जातभाई ठरवला. तो अहीर, म्हणजे समुद्रात जन्मणारा मासा, पुण्यात आला कोठून?

अहिराचा जीवनक्रम सामान्य माशांच्या अगदी उलट आहे. त्याची अंडी खोल समुद्रात पडतात. त्यांतून निघणारे पिलू झाडाच्या पानासारखे चपटे आणि पारदर्शक असते, ते प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याशी येते, तेथे त्याचे रूपांतर बोटभर लांबीच्या, काचेच्या काडीसारख्या जीवात होते, आणि मग तो जीव भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन खाडीत शिरतो व नदी चढू लागतो. वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात राहून, बेडूक-खेकडे-मासे खाऊन तो हातभराहून मोठा होतो, आणि एके दिवशी अंगावर चंदेरी झाक चढवून पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतो; तेथे एकदाच प्रजोत्पादन करतो आणि मरतो. तेव्हा साइक्सच्या हाती लागलेला तो मासा केव्हातरी समुद्रातून आला असलाच पाहिजे. पुण्यापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर. पण मासा सरळ रेषेत चालत नाही, नदीच्या रेषेने चालतो. आणि मुळा-मुठा भीमेला, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे नदीच्या वाटेने पाहता ज्या समुद्रातून तो यावयाचा तो पूर्वेचा समुद्र, आणि त्याची वाट हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची! ती वाट काही अंशी तरी आपल्या पायांनी चालून पाहावी, आणि मग कड्याच्या पलीकडची, सावित्रीची, आखूड वाटही पाहावी, अशा हेतूने मी घराबाहेर पडलो होतो.

वाईला धोम धरणाखालची कृष्णा मला ओळखीची वाटली नाही; ढोल्या गणपतीच्या घाटावर पाणी होते, पण ते चालत नव्हते. संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते तेथेही मी फार थांबलो नाही. मुक्काम केला तो कऱ्हाडला, कारण प्रीतिसंगम हे नदीचे गणित डोळ्यांनी वाचण्याचे ठिकाण आहे. एक नदी दुसरीला सहसा तिरकस येऊन मिळते. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, आणि मिठी मारून दोघी मिळून काटकोनात पूर्वेकडे वळतात. कोयनेचा प्रवासही मोठा चमत्कारिक आहे. महाबळेश्वराहून निघाल्यावर ती साठ-पासष्ट किलोमीटर सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे धावते, अरबी समुद्र अगदी हाताशी असताना त्याच्याकडे पाठ फिरवून हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते, आणि कृष्णेला शोधीत येथे येते.

रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने १९४५ साली नद्यांची प्रतवारी लावण्याची एक पद्धत मांडली, जी पुढे स्ट्रेलरने सुधारली. ज्याला एकही उपनदी नाही असा ओहोळ पहिल्या प्रतीचा. असे दोन ओहोळ मिळाले की दुसऱ्या प्रतीचा. दोन दुसऱ्या प्रतीचे मिळाले की तिसऱ्या. अशी ती चढती भाजणी. या हिशेबाने पाहिले म्हणजे कृष्णेचे खोरे म्हणजे एक अवाढव्य वटवृक्ष आहे. हजारो डहाळ्या, शेकडो फांद्या, आणि त्या सर्वांचा रस वाहून नेणारे एकच खोड. कऱ्हाडच्या डोहातला मासा मनात आणील तर वेण्णेत जाऊ शकतो, कोयनेत जाऊ शकतो, नरसोबाच्या वाडीला पंचगंगेत शिरू शकतो, आणि त्याहून खाली जाऊन भीमेतून वर चढून पंढरपुरालाही पोहोचू शकतो; निदान निसर्गाने तशी सोय केली होती. एखाद्या दुष्काळात एखादी फांदी ओस पडली, तर दोन-चार पावसाळ्यांत शेजारच्या फांदीतले मासे संगमावरून वळून ती पुन्हा वसवीत असत. जे मासे समुद्राकडे कधीच जात नाहीत, नदीतल्या नदीतच पावसाळ्यात वर चढून अंडी घालतात आणि उन्हाळ्यात खालच्या डोहांत उतरतात, त्या महाशीर, तांबीर, शिंगटी आदी माशांना असे मोठे, शाखांचे खोरे म्हणजे एक विस्तीर्ण राज्यच होय.

परंतु अहिराच्या दृष्टीने याच राज्यात प्रवेशाचा दरवाजा एकच आहे, आणि तो कऱ्हाडच्या ह्या घाटापासून हजाराहून अधिक किलोमीटरांवर आहे. ज्या मुलखात जाण्याचा हमरस्ता एकच, त्या मुलखाची नाकेबंदी करावयास एक चौकी पुरते, हे पूर्वीच्या काळी प्रत्येक सुभेदाराला ठाऊक होते. कृष्णेच्या मुखाजवळ बेजवाड्याचा बंधारा १८५५ साली पुरा झाला. त्याच्या जागी १९५७ साली प्रकाशम बराज आला. मग वरच्या अंगाला नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी, आणि भीमेवर उजनी. यातील प्रत्येक धरणाने शेतीला जे दिले त्याचा मी कृतज्ञतापूर्वक स्वीकार करतो, कारण त्या पाण्यावर पिकलेले धान्य मीही खाल्ले आहे. पण हिशेबाच्या वहीत दुसऱ्या बाजूलाही आकडे असतात. एखाद्या पहिल्या प्रतीच्या ओहोळावर बांध पडला तर झाडाची एक डहाळी तुटते. मुखाजवळच्या खोडावर पडला तर वरचे अख्खे झाड समुद्रापासून तोडले जाते. धरणे किती, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. धरण नदीच्या कोणत्या पेरावर आहे, हा प्रश्न अहिराच्या जिवाशी त्याहून अधिक निगडित आहे. गंगेवर १९७५ साली फराक्का बराज सुरू झाला आणि एके काळी प्रयागच्याही वर जाणारा हिलसा मासा बंगालातच अडखळला, ही गोष्ट त्याच न्यायाची.

संगमावर सत्तरीच्या पुढचा एक भोई होडीचा तळ डांबराने सांधीत बसला होता. मी त्याला विचारले, "मामा, इकडं अहीर कधी सापडतो का?" त्याने हातातली काडी खाली ठेवली, माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाला, "अहीर म्या न्हाई धरला, पावनं. माज्या आज्यानं धरल्याला, त्यो सांगायचा. दंडाएवढा जाड, आन् जाळ्यातनं काढला तरी दोन घटका जित्ता. आता इथं वाम घावती, पर ती निराळी." वाम आणि अहीर यांतला भेद त्याने मला न विचारता सांगितला याचे मला फार समाधान वाटले, कारण शहरांतल्या बाजारांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. अहिराच्या पाठीवर एकही काटा नसतो, नुसता एक मऊ पर पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटापर्यंत गेलेला असतो. वाम नदीतच जन्मते आणि नदीतच मरते. पूर्वेची वाट बंद झाल्याने तिचे काही अडले नाही. अहिराचे सर्वस्व गेले.

दुसऱ्या दिवशी कोयनेच्या काठाने उलटा निघालो आणि हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरून पोफळीला आलो. येथे माणसाने एक असे काम केले आहे की ज्याची कल्पना नदीने स्वप्नातही केली नसती. पूर्वेकडे जाणाऱ्या कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयातून काढून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला आणले, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडले. कृष्णा पाणीवाटप लवादाने यासाठी वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला वळवण्यास मान्यता दिली आहे. पुण्याच्या बाजूलाही हेच घडले आहे. मुळशीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याला उतरून कुंडलिकेत जाते, आणि त्याआधी १९१५ पासून खोपोलीला उतरणारे पाणी पाताळगंगेत जाते. ज्या कोकणी नद्या फाल्गुन-चैत्रात खडकांच्या उघड्या माळा होऊन पडत, त्यांतील या तीन नद्या आता बारमाही वाहतात. पाण्याने जलविभाजक ओलांडला; पण टर्बाइनच्या पात्यांतून मासा जिवंत उतरणे दुरापास्त, आणि त्यातून वर चढणे तर अशक्यच. दोन खोऱ्यांचे पाणी एकत्र आले, त्यांचे रहिवासी मात्र आले नाहीत.

रहिवाशांची ने-आण आपण दुसऱ्या मार्गाने केली, आणि तिचे फळ सर्वत्र गोड लागले नाही. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात खुद्री महाशीरची पैदास करून ती पिले अनेक नद्यांत सोडण्यात आली. हेतू निर्मळ होता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण कावेरीच्या खोऱ्यात, जेथे खुद्री मुळात नव्हता, तेथे त्याच्या वाढत्या संख्येपुढे तेथलाच एक प्रचंड, पाठीला मदार असलेला महाशीर मागे पडत गेला. आणि त्या माशाला निश्चित शास्त्रीय ओळख २०१८ साली मिळाली तेव्हा तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाण्याच्या स्थितीला पोहोचला होता. दोन नद्यांमध्ये निसर्गाने जी हद्द आखली आहे तिच्या दोन्ही अंगांना लाखो वर्षांचे दोन निरनिराळे संसार असतात, हे आपण कशाच्या भरात विसरलो?

चिपळूणहून उत्तरेला महाडकडे जाताना आकाश भरून आले आणि मृगाच्या दुसऱ्या दिवशी, पोलादपूर मागे टाकल्यावर, पावसाने गाठले. कोकणचा नकाशा कोणी हाती घेऊन पाहावा: वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, आंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल. फणीच्या दातांसारख्या या नद्या एकमेकींशेजारून कड्यावरून उतरतात आणि बहुतेक आपापल्या खाडीने स्वतंत्रपणे समुद्राला मिळतात. येथे वटवृक्ष नाही, झुडपांची रांग आहे. आणि या रचनेमुळे कृष्णेच्या खोऱ्यातला सगळा न्याय येथे उलटा होतो. अहिराला येथे डझनावारी दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजापासून शेवटच्या पायरीपर्यंतचे अंतर दोन-चार दिवसांच्या पायी प्रवासाएवढे आहे. शिवाय काचेच्या काडीसारखे ते पिलू आपल्या आईबापांची नदी शोधीत बसत नाही. प्रवाह ज्या खाडीशी नेईल ती त्याची. म्हणून एखाद्या वर्षी एका नदीतले अहीर निःशेष झाले तरी समुद्र ती नदी पुन्हा भरू शकतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या, निळ्या नांग्यांच्या कोळंबीचेही असेच आहे: तिची मादी अंडी पोटाशी घेऊन खाडीकडे उतरते, कारण तिच्या पिलांना अकरा अवस्था पार करीपर्यंत मचूळ पाणी लागते, आणि मग ती नखाएवढी पोरे नदी चढू लागतात. अशा प्राण्यांना समुद्र म्हणजे सार्वजनिक चावडी.

पण महाशीरला तोच समुद्र म्हणजे तट आहे. खारे पाणी ओलांडून सावित्रीतला महाशीर वाशिष्ठीत जाऊ शकत नाही, आणि कडा ओलांडून कृष्णेतही जाऊ शकत नाही. कोकणातली प्रत्येक नदी त्याच्या लेखी एक बेट आहे. ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने उमजली ती वाळण कोंडीला.

महाडहून बिरवाडीवरून काळ नदीच्या काठाने वाळण गावाकडे जाता येते. नदीने तेथे काळ्या कातळात एक लांबोळा, खोल कोंड कोरला आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे आहे, आणि कोंडीतले मासे देवीचे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. मी कातळावर बसलो आणि मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले. प्रथम काहीच झाले नाही. मग तळाचा अंधारच जणू हलला. एक लांब, राखी पाठ वर आली, तिच्यामागे दुसरी, मग दहा-वीस. सर्वांत मोठा मासा माझ्या हातभर अंतरावर आडवा झाला तेव्हा त्याच्या अंगावरचे रुपयाएवढे खवले मला एकेक करून मोजता आले असते: प्रत्येकाच्या मुळाशी काळसर छाया, कडेला पितळेसारखी झळाळी, जाड, मांसल ओठ, त्यांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. त्याने कुरमुरा ओठांनी टिपला, चावला नाही. महाशीरचे दात घशात असतात. सह्याद्रीवरून उतरणारी ही आखूड नदी उन्हाळ्यात तुटते, तिचे डोह एकमेकांपासून सुटतात, आणि सबंध खोऱ्यातली महाशीरची वस्ती अशा दोन-चार कोंडींत येऊन टेकते. पावसाळ्यात येथून निघून ते वरच्या वाळू-खड्यांच्या पात्रात अंडी घालतात आणि नदी पुन्हा वसवतात. कृष्णेत एक डोह गेला तर शेजारचा धावून येई. येथे शेजारी कोणीच नाही. तेव्हा ज्या अज्ञात पूर्वजांनी या कोंडीवर देवीचा पहारा बसवला त्यांनी एका अख्ख्या बेटाचे बियाणे राखले, असे मला वाटते, आणि वैतरणेच्या काठी तिळसेश्वरापाशी ज्यांनी हाच बंदोबस्त केला त्यांनीही.

पाऊस रात्रभर कोसळला. पहाटे गावातला एक मुलगा मला हाक मारीत आला, "काका, चला, मासं चढतायत!" उत्तर कोकणात याला वळगण म्हणतात, दक्षिणेला चढणीचे मासे. आम्ही शेताच्या बांधावर पोहोचलो तेव्हा पऱ्याचे तांबडे पाणी बांध फोडून खाचरात शिरले होते, आणि त्या वीतभर धारेतून बोटाएवढे रुपेरी मासे अंग तिरके करून वर येत होते. पाणी अंगाहून उथळ झाले की ते कुशीवर पडत, शेपटीने गवताला रेटा देत आणि टिचभर पुढे सरकत. एक मासा मी ओंजळीत घेतला. त्याचे पोट अंड्यांनी ताठ होते आणि कातडीतून ती अंडी खसखशीसारखी पिवळी दिसत होती. मी त्याला बांधापलीकडे सोडले. पाग आणि कामट्यांचे सापळे घेऊन माणसे उभी होतीच. हे वर्षातले एकदाचे ताजे अन्न, ते त्यांनी खाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? पण एका वयस्क गृहस्थांनी, पऱ्याचे तोंड सबंध अडवणाऱ्या तरुणाला "अर्धी वाट मोकळी ठेव रे," म्हणून दरडावले, आणि त्यानेही मुकाट्याने सापळा एका अंगाला सरकवला.

प्रवासाचा शेवट बाणकोटच्या खाडीवर झाला. वेसवीच्या धक्क्यावर बागमांडल्याच्या फेरीबोटीची वाट पाहत उभा असता, सावित्रीचे गढूळ पाणी एका अंगाने बाहेर चालले होते आणि भरतीचे हिरवट पाणी दुसऱ्या अंगाने आत शिरत होते. दोहोंच्या मध्ये फेसाची एक वाकडी रेषा तरंगत होती. दोरखंड सांभाळणाऱ्या खलाशाला मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"अहीर?" तो म्हणाला. "गावतो ना. पहिल्या पुराला, रातचा, खाली जाताना. चांगला पांढरा झालेला असतो."

"आणि वर चढताना?"

त्याने थोडा विचार केला. "वर चढताना नाय बघितला कधी कोणी."

बोट लागली, गाड्या चढू लागल्या, तरी मी कठड्यावरून वाकून भरतीच्या त्या हिरवट अंगाकडे पाहत राहिलो. काचेच्या काडीएवढा तो जीव. पाण्यात त्याचे अंग दिसत नाही, दिसलेच तर मोहरीएवढे दोन काळे डोळे.